जिजीनं वाटलेलं औषध

आमच्या घरात एकट्यानं काही खायची सोय नव्हती. बाजारातून एक पेढा आला तरी त्याचे सहा तुकडे व्हायचे, आणि सुरी जिजीच्या हातात. जिजी म्हणजे माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. आमची आई आम्हाला लहान ठेवून गेली तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. आप्पा म्हणजे माझे वडील. शेतात वाघ, घरात जिजीचा धाकटा भाऊ. माझा मोठा भाऊ दादा, त्याची बायको वहिनी, मग मी, आणि ज्या वर्षाचं सांगतो आहे त्या वर्षी माझ्याशी लग्न होऊन आलेली द्वारका. अशी सहा माणसं. काढा उकळला तरी सहा वाट्या. ताप एकाला, काढा सगळ्यांना. "आज त्याला आहे, उद्या तुला येईल, आधीच पिऊन घे," असं जिजीचं गणित. एरंडेल तेलाचाही वाटा पडायचा, आणि त्या दिवशी परसात काय रांग लागायची ते लिहिलं तर नातसुना तोंडाला पदर लावतील. लावू देत. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला सजवून लिहिता येत नाही.

घर आमचं बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात, शनवारा दरवाजाच्या आतल्या गल्लीत. शेत तापीच्या अंगाला, त्यात केळी आणि थोडा कापूस. पहाटे गल्लीत हातमागांची खटखट सुरू व्हायची, ती थांबली की समजायचं आज कोणीतरी गेलं किंवा कोणाचं तरी लग्न आहे. ते दिवस राज्यं तोडायचे आणि जोडायचे होते. आमची राजधानी नागपूरची भोपाळला गेली होती, आणि दरवाजाशी पानवाल्यापाशी रोज त्यावर भांडण व्हायचं. मराठीवाले म्हणायचे आपल्याला तिकडे जळगावच्या बाजूला जोडायला पाहिजे होतं, हिंदीवाले म्हणायचे मग आम्ही काय तापीत उडी मारायची? शेवटी दोघं एकाच पानवाल्याकडून उधार पान खाऊन घरी जायचे. आप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, "राजधानी कुठंबी नेऊ दे. केळीला पाणी द्यायला भोपाळचा माणूस येणार नाही."

द्वारका खकनारकडची. रंगानं सावळी, बोलायला कमी, आणि हसली की आधी डोळे हसायचे. लग्नानंतर काही दिवसांनी मला कळलं की तिच्या छातीत शीळ वाजते. बारीक, लांबून कोणी पावा वाजवावा तशी. मी एवढा शहाणा की मला वाटलं पोरगी मनातल्या मनात गाणं म्हणते. मी खूश होतो. बायको गाणारी मिळाली! मग एकदा दुपारी मी पाणी प्यायला खोलीत आलो तर ती पत्र्याच्या पेटीपाशी पाठमोरी बसलेली, हातात काचेची छोटी बाटली.

"काय खाऊ राहिली?" मी विचारलं.

"बडीशेप."

"बडीशेप दातानं तोडून अर्धी परत बाटलीत टाकतात का खकनारला?"

तिनं बाटली पदराखाली घेतली. मी पेटीवर बसलो, म्हणजे तिला बाटली आत ठेवून उठून जाता येईना. मग हळूहळू सगळं निघालं. तिला लहानपणापासून दमा. पावसाळ्यात आणि कापसाच्या दिवसांत जास्त. तिच्या वडिलांनी एका डॉक्टरकडून या गोळ्या आणल्या होत्या आणि लग्नात बजावलं होतं की सासरी बोलू नको, एकदा लेकरू झालं की दमा आपोआप जातो. असं तेव्हा म्हणायचे. लेकरं झाली चार, दमा कुठंही गेला नाही, पण ते पुढचं.

"मग पूर्ण गोळी काहून खात नाही?"

"रोज खाल्ली तर लत लागते म्हणतात. अन् बाटली संपली तर दुसरी कोण आणणार? माहेरी मागायला तोंड नाही, इथं सांगायला जीभ नाही. म्हणून अगदीच जीव घुसमटला की खाते, तीबी अर्धी."

मी म्हटलं, मी कोणाला सांगणार नाही. आणि नाहीच सांगितलं. पण बाटली हलवून पाहिली तर आत दोन-तीन तुकडे नुसते खुळखुळत होते, आणि बाहेर श्रावण लागत होता.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात तिच्याएवढं कोणाचं कौतुक नाही. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी नारळाची देवी पाटावर बसवायची, तिला नथ, तिला बांगड्या, भोवती केळीच्या खांबांचा मखर, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घराण्यातल्या माणसांच्या नावानं मुठी मुठी गहू मोजायचे, ते घरच्याच जात्यावर दळायचे, आणि त्याचे जाड गोड रोट भाजायचे. आणि मोठी गोष्ट ही की रोट फक्त घरच्यांनी खायचा. बाहेरच्याला तुकडाही नाही. जीवश्च कंठश्च मित्र असो की व्याही असो, रोटापुढं तो परका. वर्षभर प्रत्येक गोष्ट वाटून देणारी आमची जिजी त्या एका दिवशी अशी कंजूष व्हायची की दारात आलेल्या मांजरालाही हाकलायची.

तर शनिवारी सकाळी दळण. नवीन सुनेनं पहिली मूठ घालायची, तशी रीत. घराला नुकता चुना दिलेला, त्याचा उग्र वास, भिंती ओल्या, आणि त्यात जात्याच्या भोवती पिठाचा धुरळा. मी ओसरीवर केळीचे दोर वळत बसलो होतो. आतून द्वारकेचा आवाज येत होता, ती कानबाईचं गाणं म्हणत होती आणि वहिनी मागून ओढत होती. मग गाण्याची ओळ मध्येच तुटली. पुढचा शब्द आलाच नाही. जातं थोडा वेळ एकट्यानं फिरल्यासारखं घरघरलं आणि थांबलं.

मी आत गेलो तेव्हा ती जमिनीवर दोन्ही हात टेकून बसली होती. खांदे कानापर्यंत चढलेले, ओठ जांभळाच्या रंगाचे, डोळे माझ्याकडे. ती शीळ आता गाण्यासारखी नव्हती. मी पेटीतली बाटली आणली, उरलेले तुकडे तिच्या तोंडात घातले. जिजी सगळं पाहत होती. बाटली पाहिली तिनं, मला पाहिलं. आप्पा मात्र ओरडले, "उभा काय ऱ्हायला? डॉक्टरला आण!"

बुधवाऱ्यात एक डॉक्टर होते, त्यांना गाव चष्मेवाले डॉक्टर म्हणायचं, कारण चष्मा नेहमी कपाळावर आणि ते तो सगळ्या दवाखान्यात शोधायचे. मी पळत गेलो, ते सायकलवर आले, मी मागून परत पळत. त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं द्वारकेचे खांदे खाली आले आणि तिनं पाणी मागितलं. त्या घोटाचा आवाज मला अजून ऐकू येतो. डॉक्टरांनी मला ओसरीवर घेऊन विचारलं, हिचं औषध कोणतं चालू होतं? मी अर्ध्या अर्ध्या गोळीचं सांगितलं, लतीचंही सांगितलं.

"तुला भाकरीची लत आहे का रे?" ते म्हणाले.

"नाही. भूक लागते."

"मग तिला श्वास लागतो. अर्धी गोळी खाऊन, घाबरत घाबरत, पार गळ्याशी येईपर्यंत थांबायचं, आणि मग इंजेक्शन अन् डॉक्टर. हे स्वस्त पडलं का? सुरुवातीलाच पूर्ण गोळी घेतली असती तर मी आलोच नसतो. आणि जास्तही नाही. मी सांगतो तेवढीच. आणि हिच्यापुरतीच."

मग त्यांनी नवी भरलेली बाटली दिली. ती चांगली महाग होती. आप्पांनी पैसे मोजले तेव्हा त्यांचं तोंड केळीचा लॉट नासल्यासारखं झालं होतं. "आता इथनं पुढं हिला पिठाच्या अन् धुराच्या जवळ बसवू नका," जाता जाता डॉक्टर म्हणाले, "तेवढ्यानं अर्ध्या गोळ्या वाचतील." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, आप्पांनी ऐकलं. जिजी तेव्हा आत होती, तिनं गोळीचंही ऐकलं नाही आणि पिठाचंही.

डॉक्टर गेले आणि जिजी बाहेर आली. "दमेकरी पोरगी गळ्यात मारली आपल्या. सांगितलंबी नाही! उद्या लेकरं झाली तर त्यांना दमा, अन् त्यांच्या लेकरांना दमा. देवी घरात असताना सुनेला बाहेर काढत नाहीत, म्हणून उद्याचा दिवस. सोमवारी कानबाई नदीवर गेली की हिला खकनारच्या मोटारीत बसवा. भावाला निरोप धाडा."

आप्पा म्हणाले, "जिजी, जरा..."

"तू गप बस."

आप्पा गप बसले. दादा आधीच गप होता. मग मी म्हटलं, "तिला बसवायचं असेल तर मग मीबी त्याच मोटारीत बसतो." माझा आवाज घोगरा निघाला, पण निघाला. जिजीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बस ना. पण आधी मखराला केळीचे खांब आण."

द्वारका आत पडून होती. डॉक्टरांचं सगळं बोलणं मी तिला सांगितलं. रडली नाही. मला म्हणाली, "दळण अर्धं राहिलं माझं." एवढंच. जिला घरातून काढायला निघालेत तिला दळण राहिल्याचं वाईट वाटतं, हे मला तेव्हा समजलं नाही. आता घर रिकामं वाटायला लागल्यावर समजतं.

रविवारी सकाळी मी शेतात गेलो खांब आणि पानं आणायला, आणि तिथून मोटार अड्ड्यावर, कारण निरोप मिळून द्वारकेचा भाऊ सुपडू येणार होता. मागे घरात जे झालं ते मला वहिनीनं नंतर सांगितलं, आणि तिनं ते आयुष्यभर इतक्या वेळा सांगितलं की आता मला स्वतः पाहिल्यासारखं दिसतं. जिजीनं देवीपुढं दिवा लावला आणि ती बाटली हातात घेतली. एवढं महाग औषध घरात आलेलं. काजू आले तर वाटतो, केशर आलं तर वाटतो, मग हे एकटीनं खायचं? आणि दमा जर हवेतून लागत असेल, तर कालपासून सगळे त्याच हवेत. आज तिला, उद्या तुला. जिजीनं बाटलीतल्या बऱ्याचशा गोळ्या खलबत्त्यात घातल्या, कुटल्या, कडू लागू नये म्हणून दूध-गुळात कालवल्या आणि पाच वाट्या भरल्या. माझी सहावी झाकून ठेवली.

द्वारका वहिनीच्या कानाशी म्हणाली, "वहिनी, डॉक्टर म्हणले माझ्यापुरतंच आहे."

"मग सांग ना जिजीला."

"मी कशी सांगू? तुम्ही सांगा."

"मला काय उद्या मोटारीत बसायचंय का?" वहिनी म्हणाली. आणि सगळ्यांनी वाट्या तोंडाला लावल्या.

मी सुपडूला घेऊन गल्लीत शिरलो तर आमच्या दारात ही गर्दी! सुपडू बिचारा आधीच मान खाली घालून चाललेला, बहिणीला परत न्यायला येणारा भाऊ मान वर करून चालत नाही. त्यानं गर्दी पाहिली आणि त्याच्या हातातली पिशवी पडली. त्याला वाटलं बहीण गेली. मलाही वाटलं. मी लोकांना कोपरानं बाजूला करत आत घुसलो.

आत ओसरीवर आप्पा. रोज जेवून घोरणारे आप्पा धोतर खोचून येरझाऱ्या घालत होते. हात थरथरत होते, कपाळावर घाम, डोळे मोठे, आणि तोंड थांबत नव्हतं. नागपूर, भोपाळ, केळीचे भाव, त्यांच्या लग्नातला रुसवा, सगळं एकामागं एक. मध्येच परसात जायचे, बराच वेळ लावायचे आणि हात हलवत परत यायचे. लघवी होतच नव्हती. दादा खांबाला धरून बसला होता. त्याच्या हातात चहाची बशी, तिच्यावर कप असा वाजत होता की लग्नाची झांज. वहिनी म्हणत होती, "माय वं, छातीत कोणीतरी मुसळानं कांडू राहिलं!" आणि शेजारची काशीबाई आप्पांच्या पुढं नारळ ठेवून, डोक्यावर पदर घेऊन हात जोडून बसली होती.

"कानबाई माय, अंगात आलीस, बरं झालं," ती आप्पांना म्हणत होती. "आता सांग, माझी म्हैस कुठं गेली?"

"म्हैस?" आप्पा ओरडले. "मला माझी छाती सापडंना, तुझी म्हैस कुठून सांगू!"

गर्दीतून कोणी म्हणालं, "देवी कोड्यात बोलते. छाती म्हणजे डोंगर. डोंगराकडं पाहा काशीबाई." आणि खरं सांगतो, दोन पोरं डोंगराकडं पळाली.

मी देवघराकडं पाहिलं. बाटली जवळजवळ रिकामी, खलबत्ता पांढरा. शेजारी द्वारका दाराआड उभी. तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं, आधी खलबत्ता, मग आप्पा. मी खांब तिथंच टाकले आणि पुन्हा बुधवाऱ्याकडं पळालो. त्या दोन दिवसांत मी जेवढा पळालो तेवढा म्हशीमागंही कधी पळालो नाही.

डॉक्टर आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, आप्पांची नाडी धरली, दादाची धरली, खलबत्त्यात बोट फिरवून वास घेतला. काशीबाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हात नका लावू, देवी आलीय अंगात."

"देवी नाही बाई, गोळी आलीय," डॉक्टर म्हणाले.

आधी कोणीतरी मागं खुदकन हसलं, मग सगळी गल्ली हसली. डॉक्टर मात्र हसत नव्हते. त्यांनी आप्पांना आडवं केलं आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवून तिथंच पाटावर बसून राहिले. "तुमचं हृदय म्हाताऱ्या बैलासारखं आहे आप्पा," ते म्हणाले, "त्याला तुम्ही शर्यतीत पळवलंत. वाटीत आणखी थोडं असतं तर आज देवीच्या आधी तुम्हाला नदीवर न्यावं लागलं असतं." तेव्हा मात्र हसणं बंद झालं. हळूहळू नाडी उतरली, आप्पा परसात गेले आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "झाली!" मी कोणत्याच बातमीनं एवढा खूश झालेलो नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "हे वाटलं कोणी?"

सगळे गप. आणि त्या शांततेत वरून, माळ्यावरून, गाणं ऐकू आलं. कानबाईचं गाणं, लांबलचक, एका दमात, न थांबता. जिजी पितळेची मोठी परात डोक्यावर घेऊन माळ्याची शिडी उतरत होती. खाली आली, परात ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी वाटलं. काय झालं? मला तर काही झालं नाही. उलट आज मी तीनदा माळ्यावर गेली."

वहिनी तिच्याकडं पाहत राहिली. "जिजी," ती म्हणाली, "तुम्हाला आज खोकला नाही."

आता जिजीचा खोकला म्हणजे आमच्या घराचं घड्याळ. पहाटे उठली की खोकला, चूल पेटवली की खोकला, शिडीची दुसरी पायरी की थांबून खोकला. गाणं म्हणायची तर प्रत्येक ओळीत एकदा अडकायची, आणि आम्ही लहानपणापासून ते गाणं असंच असतं असं समजत होतो. मी त्या दिवशी पहिल्यांदा ती ओळ पूर्ण ऐकली.

डॉक्टरांनी कानाला नळ्या लावल्या. जिजी मागं सरकली. "मला काही नाही. चुलीचा धूर आहे."

"किती वर्षं आहे धूर?"

"लग्नाआधीपासनं."

"लग्नाआधीपासनं एकच चूल पेटलीय का? बसा इथं." जिजीला असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ती बसली. डॉक्टरांनी पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग दाराआडून द्वारकेला बोलावलं, तिच्याही पाठीवर लावली, आणि पुन्हा जिजीच्या. मग म्हणाले, "आवाज एकच आहे. हिचा तोच तुमचा. पण म्हणून हिची गोळी तुमची नाही. तुमचं वय वेगळं, रक्ताचा दाब वेगळा. उद्या दवाखान्यात या, तुम्हाला निराळं देतो. आणि पुन्हा कोणाचं औषध कोणाला वाटलंत तर मी येणार नाही, भटजींना बोलवा."

डॉक्टर गेले, गर्दी पांगली, डोंगराकडं गेलेली पोरं म्हैस न मिळताच परत आली. जिजी आमच्याकडं पाठ करून देवीपुढं किती तरी वेळ बसून होती. मी पाहिलं, ती श्वास घेत होती. नुसता आत घ्यायचा आणि सोडायचा, पुन्हा घ्यायचा. लहान पोर नवं खेळणं पुन्हा पुन्हा दाबून पाहतं तसं.

जेवणाची पानं मांडली तेव्हा सुपडू ओसरीच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, वाट बघत, की उद्या किती वाजता निघायचं. जिजीनं केळीच्या पानांवर रोट वाढायला सुरुवात केली. आप्पांना, दादाला, मला. वहिनीला. मग ती द्वारकेच्या पानापाशी आली. द्वारकेनं हात जोडून पान मागं सरकवलं, कारण जिला परत जायचं ती रोट कशी खाणार? आम्ही सगळे पानाकडंच बघत होतो. जिजीनं वाकून ते पान डाव्या हातानं पुढं ओढलं आणि त्यावर सगळ्यात मोठा रोट ठेवला.

"खा," ती म्हणाली. "अन् हळू खा. घशात अडकला तर डॉक्टरला पुन्हा कोण आणंल? हे पोरगं पळून पळून अर्धं झालंय."

मग ती सुपडूकडं वळली. "पाहुणे, राग धरू नका. रोट तुम्हाला देता येत नाही, घरच्यांपुरताच असतो. तुम्हाला वहिनी पोळी वाढंल. खाऊन घ्या, रात्रीचे झोपा अन् उद्याच्या मोटारीनं जा."

सुपडू गोंधळला. "अन् द्वारका?"

"ती कशाला येईल? तिनं रोट खाल्ला आता."

सुपडूनं पोळ्या किती खाल्ल्या ते वहिनीला विचारा असं मी म्हटलं असतं, पण वहिनीही आता नाही. त्या सहांतलं कोणीच नाही, मीच आहे.

त्या संध्याकाळी जिजीनं बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या देवघराच्या कोनाड्यात ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा द्वारकेचा रोट आहे. दुसऱ्यानं हात लावायचा नाही." पुढं जिजीचीही बाटली तिच्या शेजारी आली. दोन बाटल्या, दोघींच्या, आणि त्या घरात त्या पहिल्या वस्तू ज्यांचा वाटा पडला नाही. दळण जिजीनं आपल्याकडं घेतलं नाही आणि द्वारकेलाही दिलं नाही. कानबाईचं वहिनी दळायची, तोंडाला ओलं फडकं बांधून, आणि या दोघी ओसरीवर लांब बसून गाणी म्हणायच्या. बाकी वर्षाचं पीठ चक्कीतून. आप्पा म्हणाले चक्कीला पैसे जातात. जिजी म्हणाली इंजेक्शनला जास्त जातात. आप्पा गप बसले.

औषधं मग बदलत गेली. गोळ्यांच्या जागी तोंडानं ओढायचा पंप आला, तेव्हाही लोक म्हणायचे पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा तोंडाला लावला की सुटत नाही. द्वारका हसायची. ती पंप ओढून झाला की खळखळून चूळ भरायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून, आणि बरं वाटलं तरी रोजचा पंप सोडायची नाही. सोडला असता तर वाचले असते पैसे, असं एकदा मी म्हटलं. ती म्हणाली, "सोडून बघते, तुम्ही बुधवाऱ्याला पळायची तयारी ठेवा." गुडघे माझे तेव्हाच गेलेले. मी पुन्हा म्हटलं नाही.

ती गेल्या थंडीत गेली. दम्यानं नाही. दम्याला तिनं जन्मभर जवळ बसवून गप्प ठेवलं होतं. दुसऱ्याच कशानं गेली, आणि ते मला लिहायचं नाही.

परवा समोरची सून आली. नवीनच आहे, बऱ्हाणपूरची नाही. ओसरीच्या कडेला बसून हळूच म्हणाली, "दादाजी, आजीचा पंप पडून असेल ना? मला पण तोच त्रास आहे. पंप महाग पडतो, घरी मागायला..." आणि थांबली. मी तिला ओळखलं. म्हणजे ती वाक्य जिथं थांबली ते मी ओळखलं. मी म्हटलं, "पंप आहे. पण तो देता येत नाही. तो रोट आहे." तिला काही कळलं नाही, कळणार तरी कसं. मग मी म्हटलं, "चल, चप्पल घाल. सरकारी दवाखान्यात दाखवू. तिथं डॉक्टर तपासून तुझं तुला देतील, अन् तिथं नसलं तर स्वस्तातलं कोणतं चालंल ते डॉक्टरलाच विचारू, त्यात लाज कसली. अन् तुझ्या सासूला मी सांगतो. तिच्या लग्नात मी जेवलोय, ती माझं ऐकंल."

आम्ही गेलो. मी काठी टेकत, ती मागून. वाटेत ती तीनदा म्हणाली दादाजी हळू चला, तुम्ही पळताय. सवय आहे, मी म्हटलं.

द्वारकेचा पंप कोनाड्यातच आहे. कानबाई आली की आमची सून कोनाडा पुसते आणि पंप होता तिथंच ठेवते.